४२ च्या जागी ४५: पंखा बदलल्यावर शर्यतीची बोट पुन्हा जुळवताना

"काका, ८४."

पुतणीने थर्मामीटर मोटरवर धरला होता आणि वहीत आकडा लिहिता लिहिता माझ्याकडे बघत होती. आदल्या रविवारी त्याच मोटरचा आकडा होता ६१. मधल्या आठवड्यात मी एकच उद्योग केला होता. माझ्या रिमोटवरच्या शर्यतीच्या मॉडेल बोटीचा ४२ मिलिमीटरचा पंखा, म्हणजे पाण्यातला प्रोपेलर, काढून ४५ चा लावला होता, बोट आणखी जोरात पळावी म्हणून. ती जोरात पळालीच नाही. नाक खाली घालून, पोटभर पाणी कापत गेली आणि पहिल्याच बोयाला वळताना नाक रुतून गर्रकन उलट्या तोंडाची झाली.

तो ४५ पुढे कसा जुळवला ते सांगतो. माझी बोट मोनो आहे, म्हणजे खोल व्ही तळाची. लांबी ८६० मिलिमीटर, वजन बॅटरीसकट अडीच किलोच्या आसपास, ४ सेलची ५००० एमएएचची लायपो बॅटरी, २००० केव्हीची (म्हणजे मोकळी असताना दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे मारणारी) ब्रशलेस मोटर आणि अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरणारा पंखा. तुमची कॅटमरान किंवा हायड्रो असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील. आयुष्य लेथवर गेलंय, त्यामुळे मी मधूनच मिलिमीटरच्या दशांशात शिरतो. तेवढं सांभाळून घ्या.

आधी कागदावर

ऑक्ट्यूराच्या एक्स मालिकेतल्या पंख्याचा नंबर वाचता आला की निम्मं काम होतं. एक्स ४४२ म्हणजे शेवटचे दोन आकडे व्यास, ४२ मिलिमीटर. पहिला ४ म्हणजे पिच व्यासाच्या १.४ पट. म्हणजे ४२ गुणिले १.४, पिच ५८.८ मिलिमीटर. पाणी लाकडासारखं घट्ट असतं आणि पंखा त्यात स्क्रूसारखा शिरला असता, तर एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता ती पिच. एक्स ६४२ घेतलात तर व्यास तोच, पण पिच ६७.२. बाकीच्यांचे नंबर लिहायच्या रीती वेगळ्या असतात, तेव्हा नवा पंखा हातात आला की व्हर्नियर लावून व्यास स्वतः मोजायचा.

आता माझी चूक कुठे झाली ते बघा. ४२ आणि ४५, फरक ३ मिलिमीटर. डोळ्याला काहीच वाटत नाही. पण पूर्ण पाण्यात फिरणाऱ्या, एकाच घडणीच्या पंख्याला तेवढेच फेरे ठेवून फिरवायला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४५ भागिले ४२, त्याचा पाचवा घात केला की १.४१ येतो. ४१ टक्के जादा ओझं! आपला पंखा अर्धाच बुडतो, त्यामुळे हिशोब तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच. मोटर एवढं ओझं घेऊन तेवढेच फेरे मारत नाही. ती दमते, फेरे कमी करते आणि करंट जास्त ओढते.

माझ्या बोटीचं गणित असं. भाराखाली ४ सेल म्हणजे साधारण १४.८ व्होल्ट धरू. २००० गुणिले १४.८, मोकळी मोटर २९,६०० फेरे मारेल. पाण्यात ४२ च्या पंख्यावर २४,००० धरा. २४,००० गुणिले ५८.८ मिलिमीटर, मिनिटाला १,४११ मीटर, म्हणजे कागदावर ताशी ८४.७ किलोमीटर. पाणी निसटतं, त्यामुळे प्रत्यक्षात त्यातले १५ ते २० टक्के वजा. आता ४५ लावून फेरे २२,५०० वर आले असं धरा. पिच ६३. उत्तर ताशी ८५. वेग तिथल्या तिथे, आणि मोटरीच्या जिवाला घोर. हे गणित मी पंखा लावायच्या आधी करायला हवं होतं. केलं नंतर, ८४ अंश वाचल्यावर.

मोठा पंखा सरळ रेषेतल्या वेगासाठी घ्यायचा असेल तर माझा सल्ला, घेऊ नका. व्यास तोच ठेवून पिच थोडी वाढवा, किंवा आहे तोच पंखा पातळ करून धार लावा. मोठ्या व्यासाचा फायदा वेगळा आहे. त्याची पाण्यावरची पकड घट्ट असते, वळणातून बाहेर पडताना बोट लवकर उचल खाते. मी तो काढून न टाकता जुळवायला घेतला तो एवढ्याचसाठी.

टेबलावरचं काम

पहिली गोष्ट भोक. शाफ्ट ४ मिलिमीटरचा आणि पंख्याचं भोक ४.७६ चं, म्हणजे इंची मापातलं ३/१६, ही जोडी बाजारात सर्रास एकमेकांत मिसळलेली सापडते. पंखा शाफ्टवर जातो, नट आवळला की हलतही नाही, आणि आपण समाधानाने पुढे जातो. पण तो मध्यातून ०.३८ मिलिमीटरपर्यंत सरकून बसलेला असतो. अशा वेळी पितळेचं बुश बसवा किंवा योग्य भोकाचा पंखा आणा. टेप गुंडाळून भागवू नका.

दुसरी गोष्ट फिरायची दिशा. पंखा डावा की उजवा ते जुन्या पंख्याशेजारी धरून बघा. फ्लेक्स शाफ्टची, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या लवचीक शाफ्टची, तार एका दिशेने पीळ घट्ट होईल अशी वळलेली असते. उलट्या हाताचा पंखा लावून मोटर उलटी फिरवलीत तर पीळ उकलतो.

मग समतोल. ओतीव पंखे बहुधा कच्चेच येतात, कडा बोथट, पाती कमीजास्त जाड. चुंबकावर तरंगणारा बॅलन्सर असेल तर उत्तम. नसेल तर पंख्यात गुळगुळीत सळई घालून ती दाढीच्या दोन ब्लेडच्या धारेवर आडवी ठेवूनही जमतं. जड पातं खाली येतं. त्या पात्याच्या फुगीर बाजूने, म्हणजे बोटीकडे तोंड असलेल्या बाजूने घासायचं. खोलगट बाजूला हात लावायचा नाही, कारण पाणी ढकलणारी ती बाजू आहे, तिचा आकार गेला की पिच गेली. "एवढ्याशा वजनाने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. मध्यापासून १५ मिलिमीटरवर ०.१ ग्रॅम जादा असेल, तर २४,००० फेऱ्यांना त्याचा ओढा जवळजवळ १ किलो वजनाएवढा होतो. सेकंदाला ४०० वेळा, प्रत्येक वेळी नव्या दिशेने. स्ट्रटचं, म्हणजे बोटीमागे शाफ्टला धरणाऱ्या आधाराचं, बुश का झिजतं ते यावरून कळावं.

घासण्याबद्दल मात्र थट्टा नाही. पिवळसर तांबूस दिसणारे बरेच धातूचे पंखे बेरिलियम तांब्याचे असतात. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली की कायमचा आजार देऊ शकते. सुकं घासायचं नाही, हातातलं ग्राइंडर लावायचं नाही. ताटलीत पाणी आणि चार थेंब साबण घ्या, वॉटर पेपर बुडवून ओलं घासा, तोंडाला धुळीचा मास्क लावा, आणि नंतर ते पाणी आणि चिंधी नीट गुंडाळून टाका. मी ४०० नंबरने सुरुवात करून १००० वर थांबतो. पुढची धार अशी व्हायला हवी, की नखावर आडवी टेकवली तर न घसरता रुतेल. तेव्हापासून पंख्याला हातमोजा घातल्याशिवाय हात लावायचा नाही. तो आता सुरी आहे.

आता फट. यावर जरा थांबतो, कारण इथे मी एक चांगली मोटर गमावली आहे. पंखा ज्या खाचेच्या तुकड्यात अडकतो तो ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटचं टोक, या दोघांत जागा सोडावी लागते. भाराखाली फ्लेक्स शाफ्टला पीळ बसतो आणि तो आखडतो, लांबीने कमी होतो. तीन वर्षांपूर्वी मी पंखा बदलताना ड्राइव्ह डॉग स्ट्रटला अगदी भिडवून आवळला. दिसायला फार सुबक. पाण्यात पूर्ण थ्रॉटल दिल्यावर शाफ्ट आखडला, ड्राइव्ह डॉग स्ट्रटवर दाबला गेला, पुढे जायला जागा नाही म्हटल्यावर शाफ्टने मोटरचा रोटरच मागे ओढला. किनाऱ्यावर कानाला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला. बेअरिंग संपलं, चुंबकाला चरे पडले. ४ मिलिमीटरच्या शाफ्टला २ ते ३ मिलिमीटर फट ठेवा, ४.७६ च्या शाफ्टला थोडी जास्त, साधारण शाफ्टच्या जाडीएवढी. मधे टेफ्लॉनचा वॉशर. मापाला मी अ‍ॅलन कीच वापरतो: अडीचची की फटीत सरकली की झालं.

शाफ्ट बाहेर काढलाच आहे तर पुसून ग्रीस लावा, ड्राइव्ह डॉगचा बारका स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसलाय ना ते बघा, लॉकनटच्या आतलं नायलॉन झिजलं असेल तर नट बदला.

शून्यावर आणा

बहुतेक जण इथेच घाई करतात. जुन्या पंख्याला जुळवलेली मापं तशीच ठेवून नवा पंखा लावतात, बोट वेडीवाकडी पळते, आणि मग पाण्याच्या काठावर बसून दिसेल तो स्क्रू फिरवतात. मीही तेच केलं होतं. ४२ चा पंखा बोटीचं शेपूट पुरेसं उचलत नव्हता म्हणून मी स्ट्रटचं मागचं टोक १ अंश खाली झुकवलं होतं. ४५ ला त्याची गरजच नव्हती. अर्धा बुडून फिरणारा पंखा नुसता ढकलत नाही, तो बोटीची मागची बाजू उचलूनही धरतो. मोठा पंखा, जास्त पाती किंवा मागची कड वळवलेला पंखा, शेपूट जास्त उचलतो. शेपूट वर गेलं की नाक खाली. मोठ्या पंख्याची उचल आणि खाली झुकवलेला स्ट्रट, दोघांनी मिळून नाक पाण्यात दाबलं, दुसरं काही नाही.

म्हणून आधी जुनी मापं वहीत लिहा आणि सगळं शून्यावर न्या. बोट उलटी करून मऊ कापडावर ठेवा. स्टीलची पट्टी तळाच्या मधल्या कण्याच्या रेषेवर अशी धरा, की ती मागे स्ट्रटच्याही पुढे यावी. स्ट्रटची खालची कड पट्टीला समांतर आणि पट्टीच्या पातळीत, ही सुरुवात. कोन पाहायला वेगळं यंत्र नको. स्ट्रट ५० मिलिमीटर लांब असेल तर १ अंश म्हणजे दोन टोकांत सुमारे ०.९ मिलिमीटरचा फरक. व्हर्नियरने दोन्ही टोकं मोजा, कळतं. ट्रिम टॅब, म्हणजे मागच्या फळीवरच्या दोन लहान पट्ट्या, तळाच्या पातळीत, दोन्ही सारखे. सुकाणू सरळ. बॅटरी अशी ठेवा, की बोटीचा तोल मागच्या फळीपासून लांबीच्या ३० टक्क्यांवर यावा. माझ्या ८६० च्या बोटीला ते २५८ मिलिमीटर. दोन बोटांवर उचलून बघायचं, बॅटरीसकट.

मोटरच्या डब्यावर काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा. अवरक्त थर्मामीटर चकचकीत धातूवर फसतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. काळ्या टेपवर धरला की खरं बोलतो. माझ्या ओळखीतल्या एकाची मोटर "फक्त ४५" अंशांवर जळाली, ती अशीच.

पहिली फेरी ३० सेकंदांची

रिमोट आधी चालू करायचा, बॅटरी सगळ्यांत शेवटी जोडायची, आणि जोडल्यापासून पंख्याच्या रेषेत कुणाचा हात नको. हवेत थ्रॉटल देऊन पंखा "फिरतोय का" बघायची हौस असेल तर हलकासा एक झटका पुरे. पाण्याशिवाय पूर्ण वेगाने फिरवलात तर बुश कोरडं जळतं.

सोडल्यावर बोट लगेच पाण्यावर चढली पाहिजे. चढत नसेल, नाक वर करून पाणी ढकलत बसली असेल, तर थ्रॉटल सोडा. त्या अवस्थेत करंट सगळ्यांत जास्त जातो आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तापतो. अर्ध्या थ्रॉटलवर सावकाश फिरवून "जपतोय" असं समजू नका, तेही त्याला फारसं मानवत नाही. चढली की दोन सरळ धावा, एक वळण आणि परत. कूलिंगच्या नळीतून धार येतेय ना ते दर फेरीला बघायचं. पाणी घेणारं भोक सुकाणूत असेल तर नव्या पंख्याच्या फवाऱ्यात त्याला पाण्याऐवजी फेस मिळू शकतो.

परत आल्यावर पुतणी मापं घेते: मोटर, ईएससी, बॅटरी, तारांचे जोड. माझ्या मर्यादा अशा: मोटर ७० पर्यंत चालेल, ८० ला पंखा खाली उतरवायचा. साध्या निओडिमियम चुंबकाची हद्द ८० अंशांच्या आसपास असते, आणि डब्यावर ८० म्हणजे आत त्याहून जास्त. ईएससी ६० च्या आत, लायपो ५५ च्या आत. सगळे आकडे नीट असतील तर पुढची फेरी मिनिटभराची.

पाणी काय सांगतं ते बघा

नियम एकच, एका वेळी एकच बदल, आणि तोही लहान. स्ट्रट अर्धा मिलिमीटर, टॅब पाव फेरा, बॅटरी १० मिलिमीटर. बॅटरी १० मिलिमीटर म्हणजे फार वाटतं, पण माझी बॅटरी अर्धा किलोची आणि बोट अडीच किलोची, म्हणजे तोल सरकतो जेमतेम २ मिलिमीटर.

बोट समोरून जाताना पंख्याच्या तुऱ्याकडे बघू नका, पोटाकडे बघा. तळाखाली उजेड दिसतोय का? फोनवर सावकाश चालणारा व्हिडिओ काढायचा तर फोन पाण्याच्या जवळ, गुडघ्याखाली धरा. उभ्याने काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही.

शून्यावर आणल्यावर माझ्या बोटीचं नाक थोडं वर आलं, पण पुढचं निम्मं पोट अजून भिजत होतं. पंखा खूप खोल फिरत होता. स्ट्रट अर्धा मिलिमीटर वर घेतला. स्ट्रट वर गेला की पंखा कमी बुडतो, ओझं कमी, शेपटाची उचल कमी, नाक हलकं. तिसऱ्या वेळी, एकूण दीड मिलिमीटर वर गेल्यावर, पुतणी ओरडली, "काका, खालून पलीकडचा काठ दिसला!" क्षणभरच, पण दिसला. मोटरचा आवाजही बदलला, घुसमटलेला होता तो मोकळा झाला. हा आवाज ऐकायची सवय करा. तो मीटरच्या आधी बातमी देतो.

पुढचा अर्धा मिलिमीटर मी लोभाने घेतला. सरळ रेषेत छान, पण वळणात पंखा पाणी सोडायला लागला. मोटर एकदम किंचाळायची आणि बोट जागेवर बसायची. वळताना आवाज चढला आणि वेग पडला, तर स्ट्रट फार वर आहे असं समजा. अर्धा मिलिमीटर परत खाली.

नाक बेडकासारखं वरखाली उड्या मारत असेल तर ते फार हलकं झालंय. बॅटरी पुढे, नाहीतर दोन्ही टॅब किंचित खाली. मी आधी बॅटरी सरकवतो, कारण टॅब खाली केला की तो पाण्यात ब्रेकसारखा ओढतो. स्ट्रटचं मागचं टोक वर झुकलेलं असेल तर तेही नाक उचलतं, ते समांतर करा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जाताना नाक उचलून बोट पूर्ण उलटत असेल, तर आणखी फेऱ्या मारून खात्री करत बसू नका, लगेच तोल पुढे घ्या.

पूर्ण वेगात बोट डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर डोलायला लागली, तर ती व्ही तळाच्या अगदी शेवटच्या टोकावर उभी आहे, टेकू पुरत नाही. हे मला सगळ्यांत त्रासदायक वाटतं, कारण कारणं बरीच असतात. सुकाणू ढिलं नाही ना ते पहिलं बघा. अर्ध्या वेळेला तिथेच सापडतं. मग तोल थोडा पुढे. मग टॅब.

एकाच बाजूला झुकणं वेगळं. पंखा एका दिशेने फिरतो, बोट उलट दिशेने कलंडायला बघते. मोठा पंखा, जास्त कल. जी बाजू दबते त्या बाजूचा टॅब किंचित खाली. माझ्या बोटीला पाव फेरा लागला. सुकाणूने हा कल सावरू नका. सरळ धावताना तिरकं धरलेलं सुकाणू नुसता वेग खातं.

आणि वळण. नाम्बा आणि इम्पबा या मॉडेल बोटींच्या दोन्ही संघटनांच्या अंडाकृती मार्गावरच्या शर्यतीत बोटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने धावतात, म्हणजे सगळी वळणं उजवी. बोट उजवीकडे सुरेख आणि डावीकडे गचाळ वळत असेल तर अशा शर्यतीसाठी ती जुळलेली आहे. डावीकडे सुधारायला जाऊन उजवी बिघडवू नका. नव्या पंख्याने शेपूट वर गेलं असेल तर सुकाणू आणि टर्न फिन (वळणात पाणी धरणारी पट्टी) दोन्ही पाण्यात कमी उतरतात, पकड जाते, बोट बाहेर वाहवत जाते. उलट नाक रुतत असेल तर ती गर्रकन फिरते, माझी पहिल्या दिवशी फिरली तशी. दुखणं वळणात दिसलं तरी माझ्याकडे औषध स्ट्रटलाच होतं. सुकाणूला मी हात लावला नाही.

बॅटरीत किती परत गेलं

करंट मोजायचं यंत्र नसेल तर चार्जरच यंत्र. घड्याळ लावून बरोबर २ मिनिटं शर्यतीसारखी बोट चालवा, घरी येऊन चार्ज करा, परत किती एमएएच गेले ते लिहा. ४२ ला २२०० गेले होते. २.२ गुणिले ३०, सरासरी ६६ अँपिअर. ४५ ला पहिल्या दिवशी २७००, म्हणजे ८१. वाढ थोडी दिसते, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ८१ भागिले ६६, त्याचा वर्ग १.५. दीडपट उष्णता, तेवढ्याच पाण्याच्या धारेवर. ६१ चे ८४ असे झाले.

५००० च्या बॅटरीतून ४००० च्या वर काढू नका, आणि पाण्यातून आल्यावर थोडं थांबून दर सेलला ३.७ व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर फेरीची वेळ कमी करा. ही मोजणी फक्त एकाच बॅटरीवर करायची. जुनी-नवी आलटून पालटून वापरलीत तर पंख्याचा गुण-दोष बॅटरीच्या नावावर जातो.

स्ट्रट दीड मिलिमीटर वर आल्यावरही माझी मोटर ७६ दाखवत होती. मग पंख्याला पुन्हा हात घातला. ओला पेपर घेऊन दोन्ही पाती फुगीर बाजूने आणखी पातळ केली, धार पुन्हा लावली, पुन्हा समतोल बघितला. दोन संध्याकाळी गेल्या. हे जमत नसेल तर धार लावून, तोलून तयार मिळणारा पंखा घ्या, त्यात कमीपणा नाही. याहून सोपा उपाय म्हणजे पंख्याची जीभ, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेला बाहेर आलेला भाग, कापून टाकणं. ओझं झटकन उतरतं, पण शेपटाची उचलही उतरते, आणि कापलेलं परत लावता येत नाही. मी नाही कापली.

त्यानंतर २ मिनिटांत २४५० एमएएच, म्हणजे ७३.५ अँपिअर. मोटर ७१. माझ्या मर्यादेच्या १ अंश वर, पण आमची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते, म्हणून चालवून घेतो. जीपीएसचा आकडा ४२ च्या आकड्यापेक्षा ताशी १ किलोमीटरने जास्त, म्हणजे काहीच नाही. मात्र शेवटच्या बोयातून बाहेर पडताना, जिथे ४२ दोन बोटलांबी अंतर पाण्यात लोळायची, तिथे ४५ सरळ उचल घेते. लाटा असल्या की मी ४५ लावतो. पाणी काचेसारखं असेल तर ४२.

लावतो म्हणजे नुसता पंखा लावत नाही. दोन्ही पंखे वेगवेगळ्या डबीत आहेत आणि प्रत्येक डबीत पुतणीच्या अक्षरातली एक चिठ्ठी. ४५ च्या चिठ्ठीवर असं: "स्ट्रट पट्टीपासून १.५ वर, कोन शून्य. उजवा टॅब पाव फेरा खाली, डावा सपाट. तोल २५६. फट अडीचची की. २ मिनिटं = २४५०. मोटर ७१." आणि त्याखाली, मी न सांगता तिने लिहिलेलं: "काकांनी अजून अर्धा मिमी वर घेतला तर घेऊ देऊ नये."